संजूची बंदूक आणि माझ्या टिकल्या

टिकली या एका शब्दाने माझा घात केला. कपाळाला लावायची तीही टिकली आणि बंदुकीत घालून फोडायची तीही टिकली, हे दहाव्या वर्षी मला माहीत नव्हतं असं नाही. पण आपण एक म्हणावं आणि ऐकणाऱ्याने दुसरंच समजावं, इतकी दुनिया आपल्या विरोधात असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. नंतर जे झालं त्याचं खापर मी बरीच वर्षं त्या शब्दावर फोडलं. मग बंदुकीवर फोडलं, मग ती आणणाऱ्या मामावर. आता साठी उलटली आहे आणि खापर फोडायला दुसऱ्या कुणाचं डोकं उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

राजारामपुरीत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. मागे फरशी घातलेलं परस, कोपऱ्यात न्हाणी आणि पेरूचं एक वाकडं झाड. माझे वडील, आप्पा, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न करायचे. लोखंड ओतायच्या आधी वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करतात आणि तो वाळूत दाबून साचा घेतात. ते नमुने आप्पांच्या हातचे असायचे. त्यामुळे आमच्या घराला भुशाचा वास होता. आप्पांच्या केसांतून, शर्टाच्या खिशातून, कधी कधी आमटीच्या वाटीतूनही भुसा निघायचा आणि आई वाटीत बोट घालून तो काढत म्हणायची, "खावा आता लाकूड." सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याने. परातीवर हात पडायचा तो आवाज, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्रर्र, मग आप्पांच्या सायकलची साखळी. तव्यावरची पहिली भाकरी, तिच्यावर खर्डा आणि खर्ड्यावर तेलाची धार, ही माझी. मी एकुलती एक होते. मला वाटायचं, जग असंच असतं.

मी तिसरीत असताना संजू आला. संजू माझ्या मामाचा मुलगा, माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. मामा मिल्ट्रीत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. मामी नेसरीला शेत आणि सासू सांभाळून होती. पोराने कोल्हापुरात शिकावं ही मामाची हौस, म्हणून पत्र्याची एक हिरवी ट्रंक आणि तिच्यावर बसलेला संजू, असे दोघे एका सकाळी आमच्या दारात रिक्षातून उतरले. तेव्हापासून तव्यावरची पहिली भाकरी त्याची झाली. दुधावरची साय त्याची, आईच्या उजव्या बाजूची झोपायची जागा त्याची. मी कुरकुर केली की आई म्हणायची, "त्येचं आई-बा लांब हाईत, शाले. तुला काय, तू घरचीच हायस." घरचं असण्यात एवढा तोटा असतो, हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मला त्याचा राग यायचा असं म्हणणं म्हणजे झाकून बोलणं झालं. मी त्याच्यावर जळायचे. राग कशाचा तरी यावा लागतो आणि संजू तर राग येण्यासारखं काही करायचाच नाही. शांत, लाजरा, दिलेलं खाणारा. दिवेलागणीला त्याला आईची आठवण यायची. मग तो पेरूच्या झाडाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून रडायचा, आवाज न करता, फक्त खांदे हलायचे. माझी आई हातातलं काम टाकून जायची, त्याला कडेवर घ्यायची (एवढ्या घोड्याला कडेवर!) आणि पदराने त्याचं नाक पुसायची. एकदा मीही पेरूखाली जाऊन रडून पाहिलं. आई खिडकीतून म्हणाली, "काय करालीस गं तिथं? चल, तांदूळ निवडायचं हाईत."

फक्त एका ठिकाणी मी त्याच्या वर होते, ते म्हणजे गल्लीत. आमच्या गल्लीतली लढाई लाकडी तलवारींची. फौंड्रीतल्या उरल्यासुरल्या फळ्यांच्या तलवारी आप्पा करायचे, मुठीला सुतळी गुंडाळून. तलवारी माझ्या बापाच्या, म्हणून मी सरदार. मुलगी असून सरदार, आणि कुणाची हरकत नसायची. ती लढाई म्हणजे निम्मं भांडणच होतं. तलवार लागायला जवळ जावं लागायचं, जवळ गेलं की समोरच्याचं तोंड दिसायचं आणि हसू यायचं. लागली की "लागली", "न्हाय लागली", "आईशप्पत न्हाय लागली" असा अर्धा तास जायचा. मरणारासुद्धा सावकाश मरायचा. तो आधी एक गुडघा टेकायचा, मग दोन शब्द बोलायचा, मग पडायचा आणि नळावर जाऊन पाणी प्यायला की जिवंत व्हायचा. आणि सगळ्यांच्या वर एक कायदा होता, टॅम्प्लीज. मूठ ओठांना लावून टॅम्प्लीज म्हटलं की लढाई तुमच्यापुरती थांबली. चप्पल तुटली, लघवीला लागली, आईने हाक मारली, काहीही असो, तुम्हाला कुणी हात लावायचा नाही. वरच्या गल्लीतली दांडगट पोरंही तो मोडत नसत. टॅम्प्लीज मोडणाऱ्याला पुन्हा कुणी खेळात घेतलं नसतं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आईने मामाला पत्र लिहायला मला बसवलं. आईला लिहिता यायचं नाही. ती सांगायची, मी लिहायचे. शेवटी संजूने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली, "आबा, मला टिकल्यांची बंदूक आणा." मी ती दोनदा वाचली. मलाही बंदूक मागता आली असती. पण मुलीला बंदूक कोण आणणार, आणि आणली तरी दोघांना एकेक आणली असती, मग त्यात माझं काय राहिलं? मी फार हुशार डाव टाकला. बंदूक टिकल्यांशिवाय मुकी असते. बंदूक त्याची असू दे, टिकल्या माझ्या असल्या की झालं. एकेक टिकली मागायला तो माझ्याकडे येईल आणि मी द्यायची की नाही ते ठरवीन. म्हणून त्याच्या ओळीखाली मी लिहिलं, "मामा, मला टिकल्या आणा. भरपूर आणा." आईने पत्र वाचून दाखवायला सांगितलं. माझी ओळ ऐकून ती आप्पांकडे बघून हसली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, पोरीला नटायचं सुचालंय आता." मला वाटलं, ती कसल्याशा दुसऱ्याच गोष्टीला हसली.

मामा आला, नेसरीहून मामी आली, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. दोन दिवस स्टोव्ह विझला नाही. करंज्या, चकल्या, तिखटजाळ चिवडा आणि एका दुपारी मामासाठी मटण, तांबडा आणि पांढरा. मामा भाकरी कुस्करून वरून रस्सा ओतायचा आणि नाक पुसत म्हणायचा, "सुमे, तिकडं वरीसभर डाळ खाऊन जीभ मेली बघ." भाऊबीजेला आईने त्याला ओवाळलं. तिचा हा एकच भाऊ. ओवाळताना तिचं तोंड असं फुलायचं की ती कुणाची तरी आई आहे हे विसरायला व्हायचं. मग मामाने ट्रंक उघडली. संजूला बंदूक. काळी, लोखंडी, हातात घेतली की मनगट खाली जाईल एवढी जड, मुठीवर चांदणी कोरलेली. आणि सोबत लाल कागदाच्या फितीच्या दोन डब्या. त्या फितीवर काळे ठिपके ओळीने. मला दोन रेशमी रिबिनी आणि एक पुठ्ठा. पुठ्ठ्यावर बारा टिकल्या. चमकीच्या, लाल, हिरव्या, निळ्या, कपाळाच्या.

"भरपूर आण म्हणालतीस न्हवं?" मामा म्हणाला. "ह्या बघ, साऱ्या रंगाच्या. लई हिंडून आणल्यात."

मामीने तिथल्या तिथे एक टिकली सोलून माझ्या कपाळावर चिकटवली, माझी हनुवटी धरून घरभर दाखवली आणि सगळे म्हणाले की पोरगी आता मोठी झाली. परसात संजूने पहिला बार काढला. ठाप! गल्लीतली सगळी पोरं पेरूच्या झाडाजवळ गोळा झाली. मी टिकली लावून आत बसले होते आणि मला जे वाटलं ते मी आजही जसंच्या तसं आठवू शकते. मला वाटलं की ती बंदूक फुटावी, त्याच्या हातात.

बंदूक आली आणि आठ दिवसांत आमचा खेळ पार बदलून गेला. भांडण संपलं. ठाप झालं की मेलं. लागली की नाही लागली हा प्रश्नच उरला नाही, कारण आवाज झाला होता. जवळ जायचीही गरज नव्हती. सावकाश मरायचीही सोय राहिली नाही, कारण एक पडतोय तोवर पुढच्यावर ठाप. पाणी पिऊन जिवंत होणं बंद झालं. "गोळी लागल्याला पाणी पिऊन कसा काय उठंल?" संजू म्हणाला आणि पोरांना ते पटलं. संजूही बदलला. त्याची चालच बदलली. एक हात कमरेवर, खांदे मागे. पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचा, पाठीत नळी टेकायचा आणि हात वर करायला लावायचा. दिवेलागणीचं रडणं बंद झालं. माझ्यासाठी त्याने एक काम काढलं. मी नर्स. जखमींच्या उशाशी बसायचं. मी बंदुकीकडे हात केला तर सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरींनी न्हाय धरायची." आणि जी पोरं कालपर्यंत माझ्या तलवारीखाली गुडघे टेकत होती, ती हसली. आप्पांच्या तलवारी न्हाणीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

माझ्या नातवाकडे हल्ली बॅटरीवर चालणारी बंदूक आहे. भिजवून फुगवलेल्या पाण्याच्या गोळ्या तिच्यातून भराभर सुटतात आणि घरभर चिकटतात. तो मला म्हणतो, "आजी, तू मेलीस, पड." गुडघ्यांमुळे मला पडता येत नाही, म्हणून मी सोफ्यावर मान टाकते. माझी सून मोबाईलवर काहीबाही वाचून काळजीत पडते, की अशा खेळण्यांनी मुलं मारकुटी होतात. मी तिला एवढंच म्हणते की ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्याकडे तू बघच, पण ज्याला ती मिळाली नाही त्याच्याकडे आधी बघ. ती समजते की मी धाकट्या नातीबद्दल बोलते आहे. तेही खरंच आहे.

मला टिकल्या मिळाल्या, पण वेगळ्या वाटेने. बंदुकीच्या चापाखालून फीत पुढे सरकायची तेव्हा एखादा ठिपका न फुटताच जायचा. संजू फीत फाडून फेकून द्यायचा आणि मी, जखमींची नर्स, त्या तुकड्यांतून न फुटलेले ठिपके नखाने सोडवून माझ्या कंपासपेटीत ठेवायचे. आठवड्यात सात जमले. गल्लीतल्या मोठ्या पोरांकडून मी ऐकलं होतं की टिकलीवर टिकली ठेवली की बार दणदणीत होतो. सात एकदम फोडल्यावर संजूच्या सगळ्या ठापांपेक्षा माझा आवाज मोठा होणार होता. एवढंच मला हवं होतं, निदान सुरुवातीला.

मामाच्या सुट्टीचे शेवटचे दिवस. त्या दुपारी तो आणि मामी कागलला मामीच्या बहिणीकडे गेले होते, आप्पा कामावर आणि आई दळण घेऊन गिरणीत. परसात आम्ही दोघेच. संजू पायरीवर बसून बंदूक फडक्याने पुसत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. तो नाही म्हणणार, मग मी ओढणार, तो धरून ठेवणार, मग मी चावणार, इथपर्यंत माझी तयारी होती.

"एकदा दे की," मी म्हणाले.

त्याने गल्लीच्या दाराकडे पाहिलं, कुणी पोरं नाहीत ना म्हणून. मग बंदूक माझ्या हातात ठेवली. "घे की. पर पोरास्नी सांगू नगंस, मला हसतील." आणि वर म्हणाला, "मी पळतो, तू पोलीस हो."

इतकं सोपं होतं. मागायचाच अवकाश होता. मला बरं वाटायला हवं होतं, पण माझ्या अंगाची आग झाली. एवढे दिवस मी जळत होते आणि ह्याला ती वस्तू देऊन टाकायला काहीच लागत नव्हतं, कारण त्याला सगळंच मिळत होतं. आम्ही खेळायला लागलो. तो पेरूला वळसा घालून न्हाणीमागे, मी त्याच्या मागे. बंदुकीत फीत नव्हती. मी आत जाऊन कंपासपेटीतल्या सातही टिकल्या एकावर एक बसवून आले होते आणि योग्य वेळेची वाट बघत होते. न्हाणीच्या उंबऱ्याशी त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. तो खाली बसला, मूठ ओठांना लावून म्हणाला, "टॅम्प्लीज," आणि मान वाकवून अंगठा भोकात बसवायला लागला.

त्याचा डावा कान माझ्यासमोर होता. आई आंघोळीनंतर पंचाच्या टोकाने रोज पुसायची तो कान. माझा कान मी माझा पुसायचे. मी वाकले, नळी कानाजवळ नेली आणि चाप ओढला. गंमत करायची होती, दचकवायचं होतं, असं मी स्वतःला पुढे पन्नास वर्षं सांगितलं. दचकवायचं असतं तर हवेत बार काढूनही तो दचकला असता. मला त्याला दुखवायचं होतं.

आवाज इतका मोठा झाला की मलाच काही क्षण काही ऐकू आलं नाही. धूर झाला, पेरूवरचे पक्षी उडाले. संजू किंचाळला नाही. त्याने तळहात कानावर दाबला आणि माझ्याकडे वर बघितलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्याला काही उमगत नव्हतं.

"टॅम्प्लीज म्हटलतं की मी," तो म्हणाला. फार मोठ्याने म्हणाला, गल्लीच्या टोकाच्या माणसाशी बोलावं तसं. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं तो ओरडतो आहे, कुणीतरी येईल. मी त्याचा दंड धरला आणि म्हणाले, "आईला सांगितलंस तर बघ." त्याने मान हलवली. गिरणीतून परतणाऱ्या आईच्या चपलांचा आवाज आला तशी मी बंदूक परकरात खोचली आणि वरून पोलकं ओढलं.

संजूने सांगितलं नाही. फक्त कान दुखतो म्हणाला. आईने पळीत तेल घेतलं, त्यात लसणाची पाकळी तडतडवली, थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून कोमट आहे ना बघितलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन कानात घातलं. आमच्याकडे कानदुखीवर सगळ्या घरांतून हेच करत. तेल आत गेलं तसा तो कळवळला आणि आईने त्याला घट्ट धरलं. मी दारात उभी होते. तेव्हाही मला त्याच्या दुखण्याचं वाईट वाटत नव्हतं, त्या मांडीचं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी कानातून पाणी यायला लागलं, तेव्हा मामा आणि आई त्याला मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही मागे मागे गेले. डॉक्टरांनी बॅटरीने आत बघितलं आणि म्हणाले की पडदा फाटलाय. मग कान कापसाने पुसला, कापूस नाकाशी नेला आणि विचारलं, "ह्यात तेल कुणी घातलं?" आई म्हणाली, "मी." डॉक्टर आईला खूप बोलले. घरी आल्यावर आई मामाच्या समोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "दादा, माझ्याच हातनं झालं. मी तेल घातलं." "जाऊ दे सुमे," मामा म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस व्हय?" मामी संजूला घेऊन जायचं म्हणत होती, पण आईने मामाचे हात धरले, "बरा करूनच धाडते, माझ्याजवळ ऱ्हाऊ दे," आणि संजू राहिला. बंदूक आईने संजूच्या ट्रंकेतून काढून मामाच्या सामानात घातली. "घरात नगो," एवढंच म्हणाली. ती ट्रंकेत मीच टाकली होती.

मी बोलले नाही. पहिले दोन दिवस माराच्या भीतीने बोलले नाही, मग उशीर झाला म्हणून. बंदूक गेली, पण गल्लीतला जुना खेळ काही परत आला नाही. पोरं दोन बोटांची बंदूक करून तोंडाने ठाप म्हणायला लागली. तलवारी एकेक करून बंबात गेल्या.

मॅट्रिक होईपर्यंत, सात वर्षं, संजू आमच्याकडे राहिला आणि त्या सात वर्षांत आईने त्याचं जे केलं ते मी उभ्या जन्मात कुणी कुणाचं केलेलं पाहिलं नाही. दर महिन्याला दवाखाना. थंडीत कानाला बांधायला लोकरीची पट्टी. ती त्याच्या उजव्या बाजूला बसायची, म्हणजे त्याला नीट ऐकू यावं. मला नवी चप्पल नसली तरी चालायची, त्याचे थेंब चुकायचे नाहीत. मी त्याच्यावर आणखी जळले. माझ्याच हाताने मी त्याला आईच्या मांडीवर कायमचा बसवला होता आणि तरीही जळले. माणूस एवढा आंधळा होतो. संजूने मला एका शब्दाने कधी टोचलं नाही. फक्त माझ्याबरोबर पुन्हा कधी तो खेळला नाही.

अठराव्या वर्षी तो भरतीला उभा राहिला. बापासारखं मिल्ट्रीत जायचं हे एकच त्याच्या डोक्यात होतं. पळण्यात पुढे, उंची-छाती चोख, आणि डॉक्टरी तपासणीत डावा कान. नेसरीला जाऊन तो शेतीला लागला. आता त्याच्या बारा म्हशी आहेत, दोन मुलं आहेत. त्या वर्षी मामी आमच्या दारात येऊन उभ्या उभ्या आईला म्हणाली, "वन्सं, माझ्या पोराचं नशीब तुमी एका पळीत घालवलंसा." मामा बाहेर रस्त्यावर उभा होता, आत आलाच नाही. त्यानंतरच्या भाऊबीजेलाही आला नाही. ज्या बाईला भाऊ नसतो ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. माझ्या आईला भाऊ होता, पन्नास मैलांवर धडधाकट होता आणि ती परसात ताट घेऊन चंद्राला ओवाळायची. पुढची वीस-बावीस वर्षं, मामा जाईपर्यंत. मी लग्न होऊन गल्लीच्या पलीकडेच राहत होते. दर वर्षी बघायचे आणि घरी जायचे.

चार वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मी तिला माझ्याकडे आणलं. एका सकाळी संजू नेसरीहून तूप आणि खरवस घेऊन भेटायला आला, तासभर बसला आणि एस.टी. पकडायला निघाला. मी खरवसाची वडी बशीत घालून आईला भरवायला गेले तर ती म्हणाली, "संजूनं खाल्ला का? आदी त्येला दे." मी अठ्ठावन्न वर्षांची होते, मला जावई होता. पण मी बशी खाली ठेवली.

"तो गेला," मी म्हणाले. "आणि आई, त्याचा कान तुझ्या तेलानं गेला नव्हता."

"ठावं हाय," आई म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणायला लागले, तर तिने हाताने थांबवलं. "त्येच्या कानाला टिकल्यांच्या दारूचा वास येत हुता. बंदूक तुझ्या परकरात हुती. जेवाय वाढताना वाकलीस तवा दिसली."

"मग मामाला का नाही सांगितलंस? त्याने तुझ्याशी बोलणं टाकलं. एकच भाऊ तुझा."

"सांगितलं असतं तर वैनीनं जलमभर तुझं नाव घेतलं असतं. माझं घेतलं, घिऊ दे. मी म्हातारी व्हनारच हुते."

"आणि त्याचं सगळं करत बसलीस ते? सात वर्षं? माझ्याकडे बघितलं नाहीस."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फार सोपा प्रश्न विचारला होता. "तुझ्यामुळंच तर करावं लागलं की," ती म्हणाली आणि खरवसासाठी तोंड उघडलं.

मी तिला भरवलं, तोंड पुसलं, बशी धुऊन ठेवली. मग स्वयंपाकघरात उभी राहून रडले. संजूचा कान, त्याची भरती, चंद्राला ओवाळणारी आई, ह्या सगळ्याची लाज मला त्या दिवशी वाटली आणि ती अजून गेलेली नाही. पण ती नंतर आली. खरं लिहायला बसले आहे म्हणून हेही लिहिते. नळ बंद करून मी तिथे उभी होते, तेव्हा ती सात वर्षं आईने माझ्यापायी काढली हे कळून सगळ्यात आधी मला आनंद झाला होता.